बी वर्ग वजा चार ए सी

वर्गसमीकरण सोडवण्याआधी त्याचा विवेचक, म्हणजे बी वर्ग वजा चार ए सी, काढावा, कारण पुढे काही हाती लागणार की नाही हे तो आधीच सांगतो. शून्याहून मोठा आला तर दोन वेगळी मुळं (म्हणजे एक्सची उत्तरं), शून्य आला तर दोन्ही सारखीच, ऋण आला तर वास्तव मुळं नाहीत, वही मिटा. लक्ष्मी रोडला गाडी लावायला जागा आहे का, हे अलका चौकातच कळावं, इतकी मोठी सोय.

आमच्या सदाशिव पेठेतल्या घरात मात्र रविवारी सकाळी एकाच समीकरणाचे तीन विवेचक निघाले. समीकरण साधंच : दोन एक्स वर्ग वजा पाच एक्स वजा तीन बरोबर शून्य. म्हणजे ए दोन, बी उणे पाच, सी उणे तीन.

लेकीचा आला १. पंचवीस वजा चोवीस. सी उणे आहे, म्हणजे चोवीस मिळवायचे, हे मी सांगितलं. "पण बाबा, एकाचं वर्गमूळ किती छान निघतं!" ही या गणिताची खरी बदमाशी. चुकलेलं उत्तरही नटूनथटून येतं.

तेवढ्यात पेपर मागायला शेजारचे काका आले. बँकेतून निवृत्त, त्यामुळे आकडा दिसला की उभे राहू शकत नाहीत, बसतातच. "आधी हा चार आला कुठून ते शिकव," म्हणाले. "श्रीधराचार्यांनी सांगितलंय, सी उजवीकडे नेऊन दोन्ही बाजूंना चार ए ने गुणा, मग बी वर्ग मिळवा. डावीकडे पूर्ण वर्ग, उजवीकडे बी वर्ग वजा चार ए सी!" हे त्यांनी इतकं सुरेख सांगितलं की मी चहा टाकला.

मग त्यांनी मोबाईलवर आकडे दाबले. कंस न घालता. यंत्राने आधी पाचाचा वर्ग केला, मग उणे चिकटवलं. वजा पंचवीस, अधिक चोवीस.

"उणे एक! वास्तव मुळं नाहीत. ऋण संख्येला वर्गमूळ नसतं, भास्कराचार्य सांगून गेलेत."

भास्कराचार्य मध्ये आल्यावर माझ्या ४९ ला कोण विचारतो? शेवटी लेकीनेच एक्सच्या जागी तीन घातले. अठरा वजा पंधरा वजा तीन. शून्य.

काकांनी वही दोनदा तपासली, चष्मा पुसला.

"तीन हे मूळ आहे," ते म्हणाले, "पण मला मान्य नाही."

आणि पेपर घेऊन गेले. आजचा. मी अजून वाचलेलाही नव्हता.