‘आयटीआयला पोरं घालू नका’ : त्या फॉरवर्डला उत्तर

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय : ‘बांधकामाला माणसं का मिळत नाहीत?’ त्यातलं म्हणणं थोडक्यात असं. गवंडीकाम शाळेत शिकता येत नाही. सहा महिने मेस्त्रीच्या हाताखाली घमेलं उचललं की पोरगा तयार. आयटीआयत सगळं कन्नडमध्ये. सर्टिफिकेटवाली पोरं पाण्याचं माप काढत बसतात आणि स्लॅब अडवतात. पाणी सढळ घातलं की माल कसा छान बसतो! आणि नाहीच कुणी मिळालं तर यूपी-बिहारवाले आहेतच. शेजारच्या काकूंनी हे वाचून दहावी झालेल्या मुलाचा अर्ज थांबवला, म्हणून हे उत्तर.

आधी ते पाणी, कारण सगळ्यात घातक तेच आहे.

काँक्रीटचं आपल्याकडचं मानक आयएस ४५६, सन २०००. त्यात नेहमीच्या एम-२० मालाला (काँक्रीटच्या एका प्रतीचं हे नाव) सिमेंटच्या ५० किलोच्या एका पोत्यामागे जास्तीत जास्त ३० लिटर पाणी सांगितलंय. माल पसरायला सोपा जावा म्हणून त्यात आणखी १० लिटर ओतलं, तर ढोबळमानाने तिसरा हिस्सा ताकद गेली. सिमेंटला लागतं तेवढंच पाणी ते घेतं; बाकीचं उडून जातं आणि जागेवर बारीक भोकं ठेवतं. पुढे खानापूरचा पाऊस त्याच भोकांतून सळईपर्यंत पोचतो. माल बसत नसेल तर व्हायब्रेटरची (माल थरथरवून त्यातली हवा काढणाऱ्या यंत्राची) सुई सरळ खाली सोडायची, बुडबुडे थांबले की हळू वर घ्यायची. सुईने माल ओढायचा नाही, नाहीतर खडी एकीकडे आणि पाणी एकीकडे.

बरं, ते ३० लिटरही डोळे झाकून ओतायचे नाहीत. एका पोत्याला साधारण ८३ किलो वाळू लागते. ती पाच टक्के ओली असेल तर चार लिटर पाणी वाळूतूनच आलं, मग वरून २६ च. शिवाय ओली वाळू फुगते. काचेच्या सरळ बरणीत ती २०० मिलिमीटर भरा, पाणी घालून ढवळा, बसू द्या. १६० वर आली तर फुगवटा २५ टक्के, म्हणजे पाटीने मोजलेली वाळू कमीच पडणार होती. दहा मिनिटांचं काम आहे. ‘माप काढत बसतात’ ते हेच!

आता ‘सहा महिने घमेलं’. घमेलं उचलून पाठ तयार होते, हात नाही. बाल्कनी-छज्जाची मुख्य सळई वरच्या अंगाला असते, कारण ताण वर येतो. माल टाकताना माणसं तिच्यावरून चालतात, ती खाली दबते, आणि टेकू काढला की छज्जा बुडापाशी चिरतो किंवा सरळ खाली येतो. ती सळई वर धरायला खाली ‘खुर्च्या’, म्हणजे वाकवलेल्या सळईचे टेकू, लावतात. दहा वर्षं त्याच सळईवरून माल वाहणाऱ्या बिगाऱ्याला खुर्ची कशाला हे कुणी सांगितलेलं नसतं. विचारलं तर ‘इंजिनिअरने सांगितलंय’ एवढंच उत्तर. स्लॅबखालच्या २० मिलिमीटर कव्हरचंही, म्हणजे सळईखाली राहायला हव्या त्या काँक्रीटच्या थराचंही, तेच. सळई तेवढी वर ठेवणारे कव्हर ब्लॉक संपले की खडीचा तुकडा सारतात, तो सटकतो, सळई फळीला टेकते आणि काही पावसाळ्यांनंतर छताचे पोपडे पडतात.

मेस्त्री वाईट असतो असं नाही. विटा-सिमेंट त्याच्या हिशेबातून जातं, मग नवख्याच्या हातात थापी देणार कशाला? साइटवर चुकायला जागा नसते. वर्कशॉपमध्ये असते. मातीच्या गाऱ्यात भिंत चढवायची, भिंत सरळ उभी आहे का बघायला ओळंबा लावायचा, कोपरा काटकोनात आहे का बघायला गुण्या फिरवायचा, फरक दिसला की पाडायची आणि त्याच विटांनी पुन्हा चढवायची. माणसांचा तुटवडा म्हणतात तो बिगाऱ्यांचा नाहीच. नकाशा वाचून एकट्याने कोपरा उभा करणारा मिळत नाही, आणि तो असा पाडून-बांधूनच तयार होतो. आयटीआयचा गवंडी ट्रेड एक वर्षाचा आहे, एक वर्षाचा!

कन्नडचं म्हणणं अर्धं खरं, मान्य. मराठी माध्यमातल्या पोराला थिअरीला त्रास होतो. पण नकाशा मिलिमीटरमध्ये असतो, आणि शिकवणारे कोणत्या भाषेत समजावतात हे प्रवेशाआधी विचारता येतं. तसंच, सर्टिफिकेट हातात आलं म्हणून कुणी पहिल्या दिवशी मेस्त्री होत नाही, हेही कबूल. वर्षभर शिकूनही त्याचं काम सावकाशच चालतं. वेग साइटवरच येतो. म्हणून आयटीआयनंतर अप्रेंटिसशिप घ्यावी. दोन्ही लागतं. मेसेजवाल्याने त्यातलं एक उचलून दुसरं फेकून दिलंय.

यूपी-बिहारवाल्यांबद्दल एवढंच : सण आला की ते गावी जातात, आणि तुमचा स्लॅब अर्ध्यावर असतो.

काकूंसारख्या कुणाला ठरवायचं असेल तर माहितीपत्रक बाजूला ठेवा आणि वर्कशॉप बघून या. वाळू, विटा मुलांच्या हाताला लागलेल्या दिसतात का, अर्धवट पाडलेल्या भिंती आहेत का, ओळंब्याच्या दोऱ्या मळलेल्या आहेत का. सगळं चकचकीत आणि कुलपात असेल तर दुसरी संस्था शोधा.