खोकलाच तर आहे!

धुळे-नंदुरबारकडे नेमणूक झाली म्हणता? अभिनंदन. टीबीची, त्यातही औषधांना न जुमानणाऱ्या टीबीची धास्ती घेऊ नका. जुन्या मंडळींनी वहिवाट पाडून ठेवली आहे, तीवरून चाललात की निवृत्तीपर्यंत सुखरूप पोचाल.

सुरुवात डबीपासून. साक्रीकडचा एखादा म्हातारा येईल आणि सांगेल, "डॉक्टर, तीन महिना व्हयनात, खोकला जास नही." दोन आठवड्यांवरचा खोकला तपासायचा, हे तुम्हाला पाठच आहे. तेव्हा डबी पुढे करा आणि रजिस्टरातून मान वर न काढता म्हणा, "बाबा, यात थुंकून आणा." तो भिंतीआड जातो आणि खरंच थुंकून आणतो. पाण्यासारखी लाळ, वर चार बुडबुडे. आधी चूळ भरा, दोन-तीनदा खोल श्वास घ्या, मग छातीतून बेडका काढा, सकाळचा असेल तर उत्तम, हे सांगत कोण बसतो? कागदावर 'थुंकी तपासणी' छापलंय, त्याने थुंकी दिली. रिपोर्ट निगेटिव्ह. म्हातारा खूश, तुम्ही खूश, जंतू तर फारच खूश. धडगाव-अक्कलकुव्याकडे काम आणखी सोपं. तो पावरी बोलीत बोलणार, तुम्ही शासकीय मराठीत. गैरसमजाला वावच नाही.

बेडका तपासणाऱ्या सीबीनॅट यंत्राचा मात्र ताप आहे. जंतू आहे की नाही एवढ्यावर ते थांबत नाही. टीबीचं मुख्य औषध रिफाम्पिसिन त्याच्यावर चालेल का, हेही दोनेक तासांत सांगून टाकतं. म्हणून नमुना शुक्रवारी संध्याकाळी घ्यावा. सोमवारपर्यंत तो टेबलावर एप्रिलच्या उकाड्यात छान मुरतो.

तोवर रुग्ण बाजाराच्या दिवशी खाजगीत जाऊन येतो. तिथले आपले स्नेही लिव्होफ्लोक्सासिन आणि खोकल्याचं औषध लिहून देतात. ती गोळी टीबीच्या जंतूवरही चालते, म्हणून चार दिवस बरं वाटतं. एकटीच असते, म्हणून जंतू तिला पचवायला शिकतात. फसलेल्या उपचारात एकटी नवी गोळी घालू नये, हा नियम पुस्तकात असू द्या. तुम्ही पंगतीत एकेक पदार्थ वाढावा तशा गोळ्या वाढा. जंतू सावकाश, चवीने सगळ्या संपवतात.

टीबीची औषधं पूर्वी कधी घेतली होती का, हा प्रश्न टाळावा. विचारायचाच झाला तर सुनेला सासूसमोर विचारा, 'नाही' हेच उत्तर मिळेल. रकाना भरला.

दिवाळीनंतर निम्मं गाव ऊसतोडीला गुजरातेत जातं. कार्ड इथं, खोकला बारडोलीत. 'रुग्ण पत्त्यावर आढळला नाही' असा शेरा मारा. तो कुठल्या फडावर आहे हे सगळ्या गावाला ठाऊक असतं, मुकादमाचा मोबाईलसुद्धा. पण शेऱ्याच्या रकान्यात दहा आकडे मावत नाहीत, त्याला तुम्ही काय करणार?

आता औषधांना न जुमानणाऱ्या टीबीच्या अनेक रुग्णांना बेडाक्विलिन, प्रीटोमॅनिड, लिनेझोलिड आणि मॉक्सिफ्लोक्सासिन मिळून सहा महिन्यांत बरं करता येतं. केंद्राने 2024 मध्येच त्याला मंजुरी दिली. तरी तुम्ही जुनंच सांगा: दोन वर्षं औषधं, वर सुया, कानही जातील. लिनेझोलिडने पायाला मुंग्या येऊ शकतात. तशी तक्रार आलीच तर "चप्पल बदला" म्हणा.

खिडक्यांचं तेवढं मी मनापासून सांगतो. वारा खेळता ठेवा, असं लिहिणाऱ्याने मे महिन्यातला आपल्याकडचा वारा खाल्लेला नसतो. दुपारी बाराला खिडक्या बंद, पंखा पाचवर, बाकावर वीस माणसं. खोकणाऱ्याला आधी तपासून मोकळं करा असं म्हणतात, पण रांगेत भांडणं होतात.

राहिले एन-95 मास्क. ते कपाटात कुलुपात ठेवावेत, तपासणी पथक आलं की काढावेत. आमच्या साठा रजिस्टरात वर्षभर एकच ओळ होती: मागील शिल्लक 50, खर्च 0, शिल्लक 50. मार्चअखेर मोजले तर एकोणपन्नास! कुलूप तपासलं, शिपायाला फैलावर घेतलं. शेवटी आमच्या एका सिस्टरांनी कबूल केलं. घरी वर्षाचं तिखट करायचं होतं, नंदुरबारची मिरची, कांडपावर जाताना मास्क नेला होता.

"एकसुद्धा ठसका लागला नाही सर," त्या म्हणाल्या.