मम्मीज ग्रुप सोडू नका, त्याची घडी बसवा

नागपूरच्या ओळखीपाळखीत दोन तक्रारी हमखास ऐकू येतात. नोकरी करणारी आई घरी आल्यावरही मोबाइलमध्येच डोकं घालून बसते, ही एक. मुलांचे फोटो टाकायची हौस आयांनाच फार, ही दुसरी. दोन्हींवर उपाय एकच सुचवला जातो: मुलाच्या वर्गातल्या आयांचा व्हॉट्सअ‍ॅपवरचा 'मम्मीज ग्रुप' सोड. जर्मनीत राहून हे ऐकताना वाटतं, की जाब भलत्याच माणसाला विचारला जातोय.

त्या मोबाइलवर रात्री साडेनऊला काय येतं ते बघा. "उद्या पिवळा चार्ट पेपर आणि फेव्हिकॉल आणणे." मिहानमधून निघालेली बाई मनीषनगरला पोचून जेवायला बसते, तेव्हा स्टेशनरीवाल्याने शटर ओढलेलं असतं. सूचनेखाली 'ओके मॅम', 'थँक यू मॅम'ची रांग लागते आणि सूचना पार वर जाते. मग ती शोधत बसायचं. हे शाळेचं काम आहे आणि ते आईच्या झोपेच्या वेळात चाललंय. बाबा बहुतेक वेळा त्या ग्रुपमध्ये नसतातच.

इथे जर्मनीत शाळेचा निरोप कागदावर, ईमेलवर किंवा शाळेच्या अ‍ॅपवर येतो. अनेक राज्यांत शिक्षकांना कामासाठी व्हॉट्सअ‍ॅप वापरायची परवानगी नाही. वर्षाच्या सुरुवातीच्या पालकसभेत वर्गाचे पालक-प्रतिनिधी निवडले जातात, ते शाळा आणि घर यांच्यात बोलतात. पालकांचे खासगी ग्रुप इथेही आहेत आणि तिथेही गोंगाट असतो. पण तो न वाचल्याने मुलाचं काही अडत नाही.

अडत नाही, याचं खरं कारण मात्र अ‍ॅपमध्ये नाही, रजेत आहे. इथे बारा वर्षांखालचं मूल आजारी पडलं, तर सरकारी आरोग्यविम्यातल्या आईला आणि वडिलांना प्रत्येकी, दर मुलामागे, 2025 साली 15 दिवस भरपाईसह रजा होती; एकट्या पालकाला 30. भारतात केंद्र सरकारी महिला कर्मचाऱ्याला पूर्ण नोकरीत 730 दिवसांची बालसंगोपन रजा आहे. खासगी नोकरीत मातृत्वरजा 26 आठवडे, 2017 पासून 50 किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सक्ती, आणि पुढे मूल तापाने फणफणलं तर आई आपल्याच सुट्ट्या खर्च करते. म्हणून तिला ग्रुप लागतो. ज्या दिवशी बुटीबोरीच्या कंपनीतून निघता येत नाही, त्या दिवशी वर्गातल्या दुसऱ्या मुलाची आजीच कामाला येते.

यात नागपूर जर्मनीच्या पुढे आहे, हे मोकळेपणाने सांगायला हवं. एप्रिलच्या भर दुपारी व्हॅन छत्रपती चौकात बंद पडली, तर ग्रुपवर एक ओळ टाकताच कुणीतरी स्कूटी काढतं. इथे माणसं कमी पडली म्हणून बालवाडी दुपारीच बंद होते, अ‍ॅपवर सूचना येते आणि शेजारीण दारात उभी असली तरी लेखी यादीत नाव नसेल तर मूल तिच्या हाती देत नाहीत. शिस्त आहे, पण आईला धावत यावंच लागतं. ती यादी तेवढी उचलण्यासारखी आहे: मुलाला कोण नेऊ शकतं अशी तीन नावं आणि नंबर शाळेत आणि व्हॅनवाल्या काकांकडे लिहून द्यावेत.

बाकी घडी बसवायला जर्मन व्हायची गरज नाही. सूचना आणि मदत वेगळ्या करा. सूचनांच्या ग्रुपमध्ये ग्रुप परमिशन्समध्ये जाऊन मेसेज पाठवायचा अधिकार फक्त अ‍ॅडमिनला ठेवा. 'ओके मॅम' तिथेच थांबतं. व्हॉट्सअ‍ॅप कम्युनिटीचा अनाउन्समेंट ग्रुप वापरला तर आणखी बरं, तिथे एकमेकींचे नंबर दिसत नाहीत. साध्या ग्रुपमध्ये प्रत्येकीचा नंबर सगळ्यांना दिसतो आणि तिथूनच तो ट्यूशनवाल्यांपर्यंत पोचू शकतो. मदतीचा ग्रुप व्हॅनच्या मार्गानुसार करा, दहा-बारा घरांचा, प्रत्येक घरातून दोघे. त्यात शुभेच्छा नकोत, कारण शुभेच्छांना कंटाळून लोक तो म्यूट करतात आणि नेमका नडीचा मेसेज तसाच पडून राहतो. साहित्य आणायची सूचना दोन दिवस आधी आणि संध्याकाळी सहाच्या आत, एवढं पालकसभेत मागून घ्या.

फोटोंचं प्रकरण नाजूक आहे. तान्हा पोळ्याला सजवलेला लाकडी नंदी घेऊन उभी असलेली पोरं कुणाला टिपावीशी वाटणार नाहीत? टिपाच. पण त्या एका फोटोत शेजारच्या चार मुलांचे चेहरे असतात, मागे फ्लॅट स्कीमची पाटी असते, खाली नाव आणि वर्ग लिहिलेला असतो. जर्मनीत माणसाचा फोटो त्याच्या संमतीशिवाय प्रसिद्ध करू नये हा कायदा 1907 चा आहे. लहान मुलांसाठी शाळा पालकांची लेखी संमती घेते आणि ती पुढे मागे घेता येते. भारताचा 2023 चा डिजिटल वैयक्तिक माहिती कायदा 18 वर्षांखालच्यांसाठी पालकांची संमती मागतो, पण व्यक्तीचा घरगुती वापर त्यातून वगळलेला आहे. म्हणजे शेजारणीने टाकलेला फोटो कायदा काढून देईल, या भरवशावर राहू नये. तिला सरळ सांगावं, "ताई, आमच्या पोरीचा चेहरा क्रॉप करून टाक ना."

मेसेज आपोआप नाहीसे करायची सोय 24 तास, 7 किंवा 90 दिवसांची आहे, पण कुणाच्या गॅलरीत उतरलेला फोटो तिने जात नाही. मीडिया व्हिजिबिलिटी बंद केली तर आपल्या गॅलरीपुरतं ते थांबतं, दुसऱ्याच्या फोनवर आपला इलाज चालत नाही.

विदर्भात शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. पहिल्या पालकसभेला आईबाबा दोघांनी जावं, आणि सूचनांच्या ग्रुपचा अ‍ॅडमिन म्हणून या वर्षी एखाद्या बाबांचं नाव सुचवावं.