डॅलसची स्पर्धा केवळ पैशाचा खेळ होता का? एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

अमेरिकेतील डॅलसला भरणारी, डब्ल्यूसीटी (वर्ल्ड चॅम्पियनशिप टेनिस) या व्यावसायिक टेनिस मालिकेची अंतिम स्पर्धा ही एका तेलसम्राटाच्या मुलाची हौस होती, निवडक खेळाडूंच्या हंगामअखेरच्या स्पर्धेचा मान 1970 साली टोकियोत झालेल्या मास्टर्स स्पर्धेकडे जातो आणि खेळाडूंनीच पाठ फिरवल्याने डॅलसची स्पर्धा 1989 नंतर आपोआप बंद पडली, असे आपण लिहिले आहे. मग तिच्यावर मी एवढा मोठा लेख कशासाठी लिहिला, हा आपला प्रश्न. आक्षेप अभ्यासपूर्वक घेतलेला असल्याने उत्तरही थोडे विस्ताराने देतो.

पैसा लमार हंट यांचा, म्हणजे आपण म्हणता त्या तेलसम्राटाच्या मुलाचा होता, हे निर्विवाद आहे. परंतु 1967 साली न्यूकोम, रोश, पिलिच, ड्रिसडेल यांच्यासह आठ खेळाडूंशी डब्ल्यूसीटीने करार केले, तेव्हा विम्बल्डन अजून कागदोपत्री हौशी खेळाडूंचेच होते आणि नामवंत हौशी खेळाडूंना टेबलाखालून पैसे मिळत, हे सर्वांना ठाऊक होते. त्याच वर्षाच्या अखेरीस ब्रिटिश टेनिस संघटनेने हौशी आणि व्यावसायिक हा भेदच मोडीत काढायचे ठरवले, त्यामागे हे करार हेही एक कारण होते. जे चोरून दिले जात होते ते हंट यांनी उघडपणे दिले. याला हौस म्हणायचे असेल तर ती खेळाच्या पथ्यावर पडली, असे माझे मत आहे. 1972 साली डॅलसच्या विजेत्याला 50 हजार डॉलर मिळाले, तर त्याच वर्षी विम्बल्डनच्या विजेत्याला पाच हजार पौंड, म्हणजे त्याच्या जेमतेम चौथ्या हिश्शाएवढी रक्कम मिळाली.

मास्टर्स आधी सुरू झाली, हे आपले म्हणणे बरोबर आहे. मात्र ती टोकियोनंतर पॅरिस, बार्सिलोना, बोस्टन, मेलबर्न, स्टॉकहोम, ह्यूस्टन अशी दरवर्षी बिऱ्हाड हलवत राहिली, मेलबर्नला तर चक्क हिरवळीवर खेळली गेली, आणि न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये स्थिरावली ती 1978 च्या जानेवारीत. डब्ल्यूसीटीचा अंतिम सामना मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत डॅलसलाच झाला. शिवाय तिथे बहुतेक वर्षी आठ खेळाडू बाद पद्धतीने, पाच सेटचे सामने खेळत, त्यामुळे साखळी सामन्यांप्रमाणे एक हार पचवून पुढे जाण्याची सोय नव्हती.

या रचनेतून काय निपजले, ते रॉड लेव्हर आणि केन रोजवॉल या ऑस्ट्रेलियन खेळाडूंमधील 14 मे 1972 च्या अंतिम सामन्यात दिसते. पाचव्या सेटचा निकाल लावणाऱ्या टायब्रेकमध्ये लेव्हर 5-4 असा पुढे होता आणि पुढच्या दोन्ही सर्व्हिस त्याच्याच होत्या. सदतीस वर्षांच्या रोजवॉलने त्या दोन्ही बॅकहँडने परतवून गुण मिळवले आणि पुढच्या गुणावर सामना जिंकला. अमेरिकेत दोन कोटींहून अधिक लोकांनी तो दूरचित्रवाणीवर पाहिला. ज्यांच्यात हा सामना घडला त्या दोघांनाही, आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाने करारबद्ध खेळाडूंवर घातलेल्या बंदीमुळे, त्या वर्षी विम्बल्डनला खेळता आले नाही. पैशाचा खेळ कोणता आणि सत्तेचा कोणता, हे ठरवताना हा संदर्भ विसरता येत नाही.

ऐंशीच्या दशकाबद्दल मात्र मी आपल्याशी बराचसा सहमत आहे. डब्ल्यूसीटीने 1982 मध्ये ग्रां प्री या पुरुषांच्या मुख्य टेनिस मालिकेपासून फारकत घेऊन स्वतंत्र मालिका चालवली आणि ती फसली. इव्हान लेंडल त्या वर्षी तिच्या ज्या दहा स्पर्धांत उतरला त्या दहाही त्याने जिंकल्या, यावरून चुरस किती उरली होती ते कळते. पुढे न्यायालयीन दावा झाला, तडजोड झाली आणि 1985 मध्ये डब्ल्यूसीटी पुन्हा ग्रां प्रीत आली, पण स्वतःचे पंचांग तिच्या हाती उरले नव्हते.

तरीही खेळाडूंनी पाठ फिरवली, हे कारण मला पटत नाही. जॉन मॅकेन्रो 1989 मध्येही डॅलसला आला आणि ब्रॅड गिल्बर्टला हरवून त्याने पाचवे विजेतेपद मिळवले. स्पर्धा बंद झाली, कारण 1990 पासून खेळाडूंच्या संघटनेने एटीपी टूर ही स्वतःची स्पर्धामालिका सुरू केली आणि तिच्यात हंगामअखेरची स्पर्धा फ्रँकफर्टला देण्यात आली. एकाहून अधिक समारोपांना खेळाडू तयार नव्हते म्हणावे, तर 1990 च्याच डिसेंबरात आंतरराष्ट्रीय महासंघाने म्युनिकमध्ये ग्रँड स्लॅम कप भरवला, तोही इनडोअर आणि बाद पद्धतीचा, आणि तिथे सॅम्प्रसने 20 लाख डॉलर जिंकले. अंतिम फेरीत त्याच्यासमोर हरणारा खेळाडू पुन्हा गिल्बर्टच होता.