घोट्याच्या करंटबद्दलचा मेसेज अर्धवट आहे

'घोट्याला एकदा करंट दिला की लघवी-शौचावरचा ताबा कायमचा परत येतो' असा मेसेज फिरतोय. उपचार खरा आहे. घोट्याच्या आतल्या बाजूला, हाडाच्या जरा वर, बारीक सुई टोचून पायातल्या टिबियल नावाच्या नसेला (मज्जातंतूला) सौम्य करंट देतात. पण अर्धा तास, आठवड्यातून एकदा, असे साधारण 12 आठवडे; गुण आला तरी पुढेही अधूनमधून घ्यावाच लागतो. उपयोग होतो तो घाईची लघवी रोखता न येणाऱ्यांना, तोही सगळ्यांना नाही. खोकताना-शिंकताना गळत असेल तर हा उपाय नव्हे. शौचाबाबत तर 2015 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या ब्रिटनमधल्या चाचणीत खोट्या (नुसता दिल्यासारखं भासवलेल्या) करंटपेक्षा ठळक फरक दिसला नाही. माकडहाडाच्या वरच्या नसेसाठी शस्त्रक्रियेने बसवतात ते यंत्र निराळं, तेही आधी तात्पुरतं लावून बघतात. पेसमेकर असेल तर घरच्या मशीनचे प्रयोग नकोतच. कृपया तो मेसेज पुढे ढकलू नका. पाठवला असेल तिथे हा टाका.