‘नर्सिंगला डोकं लागत नाही’ म्हणणाऱ्या फॉरवर्डला एका नाईट ड्युटीवालीचं उत्तर

बारावीचा निकाल लागला की आमच्या वाडीच्या ग्रुपवर एक मेसेज दरवर्षी येतो, यंदा तात्यांनी टाकला (सख्खे नव्हेत, गावचे). वर लाल फुल्या, खाली जोडलेले हात आणि ‘प्रत्येक पालकाने वाचावे’. थोडक्यात म्हणणं असं की नर्सिंग हे इंग्रजांनी आणि मिशनऱ्यांनी आणलेलं फॅड आहे, आपल्यात ते नव्हतंच, पुरुषांचं तर ते कामच नव्हे, डॉक्टर सांगतो नि नर्स करते त्यामुळे डोकं लागत नाही, मेडिकलला मार्क कमी पडले की मुली तिकडे जातात, पुढे शिक्षण नाही, पगार नाही, आणि हल्लीच्या सिस्टरांना माया उरलेली नाही. अकरा जणांनी अंगठे दिले. त्यातल्या तिघांचं बीपी मी त्यांच्या घरी जाऊन बघते, फुकट.

सिंधुदुर्गात सरकारी दवाखान्यात सोळा वर्षं नोकरी झाली माझी, आधी जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) केलं, मग लग्नानंतर पोस्ट बेसिक (त्यावरची पदवी). ग्रुपवर तात्यांशी भांडायचं नाही असं आईने बजावलंय, म्हणून इथे लिहिते.

‘आपल्यात नव्हतंच’ हे आधी घेऊ. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात नवव्या अध्यायात उपचाराचे चार पाय सांगितलेत, वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. प्रत्येकाला चार-चार गुण. परिचारकाचे कुठले, तर उपचारज्ञता म्हणजे कामाचं ज्ञान, मग दक्षता, रोग्याविषयी आपुलकी आणि स्वच्छता. वैद्याला चार आणि त्यालाही चारच. मायेच्या आधी ज्ञान लिहिलंय हेही बघून ठेवा. आणि तो परिचारक पुल्लिंगी आहे, म्हणजे ‘पुरुषांचं काम नव्हे’ हा मुद्दा इथेच निकालात निघाला, आमच्याकडचे दोन ब्रदर, म्हणजे पुरुष नर्स, सलाईन लावण्यात माझ्यापेक्षा सरस आहेत एवढं बोलून पुढे जाते.

आता आधुनिक ट्रेनिंग बाहेरून आलं हे खरंच आहे, त्यात लपवायचं काय? मिरजेचं वानलेस हॉस्पिटल मिशनचं, आमच्या वेंगुर्ल्याचं सेंट ल्यूक्सही मिशनचं. सुरुवातीला ख्रिश्चन मुलीच जास्त का आल्या याचं कारण मात्र मेसेजमध्ये नाही. दुसऱ्याची शी-शू काढायची, पेशंट कुठल्या जातीचा येईल ते आपल्या हातात नाही आणि वर रात्रभर घराबाहेर, या तीन गोष्टींमुळे बाकीच्यांनी आपल्या मुली पाठवल्या नाहीत, ज्या गेल्या त्यांना नावं ठेवली आणि आता म्हणायचं की हे आपलं नव्हेच. वा रे वा. रमाबाई रानड्यांनी पुण्यात 1909 साली सेवासदन काढलं, तिथल्या मुलींना नर्सिंगकडे वळवायला सुरुवात केली, त्यात विधवा होत्या, तेव्हाही लोक हेच बोलत होते. आमच्या पाठ्यपुस्तकात ट्रेनिंगला आलेली पहिली भारतीय नर्स म्हणून बाई काशीबाई गणपत असं नाव होतं, साल 1891, बस, एवढंच, ती कुठली, कुणाची, पुढे काय झालं काही नाही. परीक्षेत एका मार्काला यायची ती.

आणि पोरी न पाठवल्याचं फळ काय मिळालं तेही ऐका. देशाच्या आरोग्यव्यवस्थेचा आढावा घेणाऱ्या भोर समितीच्या 1946 च्या अहवालात हिशोब आहे, 6,300 माणसांमागे एक डॉक्टर आणि 43,000 माणसांमागे एक नर्स.

आता डोक्याचं. हा मुद्दा मला सगळ्यात जास्त लागला म्हणून जरा लांबण लागेल.

पावसाळ्यात आमच्याकडे फुरसं (छोटा विषारी साप) चावलेले पेशंट येतात, गवत काढताना, चिरे उचलताना, काळोखात बॅटरी न घेता परसात जाताना. मागच्या जूनमध्ये रात्री दीडला एक माणूस आला, घोट्याजवळ दोन ठिपके, पाय सुजायला लागलेला. डॉक्टर बाजूच्या खोलीत डिलिव्हरीत अडकलेले, त्यांनी तिथूनच सांगितलं टेस्ट लावा. ही टेस्ट म्हणजे शिरेतलं दोन मिली रक्त काचेच्या कोरड्या टेस्ट ट्यूबमध्ये घ्यायचं आणि वीस मिनिटं ट्यूब हलवायची नाही, मग एकदाच तिरकी करून बघायची, रक्त गोठलं की पाण्यासारखं वाहतंय. प्लास्टिकची ट्यूब चालत नाही, साबणाने धुतलेलीही चालत नाही, रक्त न गोठण्याचं कारण मग विष की साबण ते कळणार नाही. हे कोण बघतं? ट्यूब कोण जपून ठेवतं? त्या वीस मिनिटांत मी त्याच्या हिरड्यांतून रक्त येतंय का ते बघितलं, लघवीचा रंग विचारला, सूज कुठवर आलीय तिथे पेनाने रेघ मारून वेळ लिहिली. ट्यूब तिरकी केली, रक्त वाहिलं. डॉक्टरांनी दहा व्हायल सांगितल्या. सापाच्या विषावरचं औषध पावडरीत येतं, पाणी घालून विरघळवायचं, पण घाईत खळाखळा हलवलं तर फेस होतो, म्हणून तळहातावर हळूहळू फिरवत बसायचं, दहाच्या दहा, बाहेर त्याची बायको रडतेय आणि भाऊ विचारतोय की सिस्टर एवढा वेळ काय करताय, तरी. लहान पोर असलं तरी औषध तेवढंच लागतं, कारण साप वय बघून विष सोडत नाही.

ड्रिप चालू झाली आणि दहाव्या मिनिटाला तो म्हणाला, ‘बाय, मानेर खाजता.’ एवढंच. घरात कुणी असं म्हणालं तर आपण म्हणू डास चावला असेल. मी ती औषधाची रिअ‍ॅक्शन धरून ड्रिप बंद केली, डॉक्टरांना हाक मारली, अ‍ॅड्रिनॅलिन आधीच भरून ट्रेमध्ये ठेवलेलं होतं ते त्यांनी सांगताच मांडीत दिलं. सकाळी चहा मागत होता. त्याच्या केसपेपरवर माझं नाव म्हणाल तर खाली कोपऱ्यातली सही, तीही वाचता न येणारी. डॉक्टरांचं श्रेय कमी करत नाहीये, निर्णय त्यांचा, जबाबदारी त्यांची. पण ‘सांगतो आणि करते’ यात त्या खाजेचा मुद्दा कुठे बसतो ते तात्यांनी सांगावं.

विंचवाचंही तसंच. महाडकडे डॉ. हिम्मतराव बावस्करांनी लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन वापरून माणसं वाचवली, जगभर नाव झालं, व्हायलाच हवं. पण ते औषध दिल्यावर पेशंटला झोपवून ठेवायचं, एकदम उठवलं तर बीपी पडतं, मग तासन् तास बीपी-नाडी बघत राहायचं, हे कुठल्याही दवाखान्यात नर्सच्याच वाट्याला.

आणि ती दिवा घेतलेली फ्लॉरेन्स नाइटिंगेल! दर 12 मेला तिचा फोटो येतो ग्रुपवर. ती मोठ्या घरची, घरच्यांचा विरोध पत्करून या कामात पडली. 1854 ला क्रिमियाच्या युद्धात गेली तर तिला दिसलं की जखमांपेक्षा घाणीतल्या रोगांनी जास्त सैनिक मरतायत. तिने आकडे गोळा केले, त्यांच्या आकृत्या काढून सरकारच्या पुढ्यात टाकल्या. लंडनच्या संख्याशास्त्र सोसायटीची ती पहिली बाई सदस्य. मग 1860 ला सेंट थॉमस हॉस्पिटलात नर्सिंगची शाळा. पण लोकांना दिवाच आवडतो, आकडेवारीचा फोटो काढता येत नाही ना.

मार्कांचं म्हणाल तर थोडं खरं आहे. बीएस्सी नर्सिंगला सायन्स लागतं, फिजिक्स-केमिस्ट्री-बायोलॉजी आणि इंग्रजी, ओपनला 45 टक्के आणि आपल्या राज्यात वेगळी सीईटी. जीएनएमला कुठल्याही शाखेची बारावी, 40 टक्के. अट कमीच आहे, मान्य. पण ती फॉर्म भरायची अट आहे, पुढे अ‍ॅनाटॉमी, फिजिओलॉजी, मायक्रोबायोलॉजी, औषधशास्त्र, बाळंतपण, मानसिक आजार हे सगळं आणि सोबत वॉर्डात ड्युट्या. आमच्या बॅचला बारावीला 78 टक्केवाली पहिल्या सहा महिन्यांत सोडून गेली आणि 51 वाली आज आयसीयू सांभाळते.

पुढे शिक्षण नाही हे तर धादांत खोटं. एएनएम (सहायक परिचारिकेचा कोर्स) दोन वर्षं, जीएनएम तीन, बीएस्सी चार, जीएनएमवाल्यांना दोन वर्षांत पोस्ट बेसिक बीएस्सी, मग दोन वर्षं एमएस्सी, मग पीएचडी. आपल्या देशात पदवी 1946 पासून आहे, दिल्लीत आणि वेल्लोरला, एमएस्सी दिल्लीत 1959 पासून. आता क्रिटिकल केअरची नर्स प्रॅक्टिशनर असा पदव्युत्तर कोर्सही आहे. सरकारी नोकरीत अधिपरिचारिका, परिसेविका, अधिसेविका असं वर जाता येतं, शिकवायचं असेल तर पाठ्यनिर्देशिका, उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी. माझी आजी अजून विचारते, ‘गो, डाक्तर कधी होतलस?’ तिला चालतं, नव्वदीची आहे. तात्या रिटायर्ड मास्तर आहेत.

पगारावर मात्र मी भांडणार नाही, कारण तिथे दोन जगं आहेत. केंद्र सरकारच्या नर्सिंग ऑफिसरचं मूळ वेतन सातव्या आयोगाप्रमाणे 44,900 पासून सुरू होतं, एम्ससाठी नॉरसेट नावाची परीक्षा असते. आणि तालुक्याच्या खाजगी दवाखान्यात काय हातावर ठेवतात ते सांगायची लाज वाटते, बारा तास ड्युटी, काही ठिकाणी सर्टिफिकेटं अडकवून ठेवतात. याच्यावर मेसेज फिरवा, मी स्वतः पंचवीस जणांना पाठवीन.

राहिली माया. अरुणा शानबाग, हळदीपूरची, म्हणजे आपल्याच किनाऱ्यावरची पण कारवारच्याही खाली. मुंबईच्या केईएम हॉस्पिटलात नर्स. 27 नोव्हेंबर 1973 ला हॉस्पिटलातच तिच्यावर हल्ला झाला, ती त्यातून कधी उठली नाही, 18 मे 2015 ला गेली. जवळजवळ 42 वर्षं केईएमच्या नर्सनी तिला सांभाळलं. ज्यांनी तिला उभी बघितली नव्हती, ज्या तेव्हा जन्मल्याही नव्हत्या, त्यांनी भरवलं, पुसलं. सुप्रीम कोर्टात 2011 ला दयामरणाची केस गेली तेव्हा कोर्टाने हेही नोंदवलं की इतकी वर्षं अंथरुणात असून तिला बेडसोअर, म्हणजे पडून राहून होणारी जखम, नाही. घरात आजारी माणूस आठ दिवस पडून असला की पाठ लाल होते, ज्याने केलंय त्याला कळेल. कूस बदलायची दर दोन तासांनी, म्हणजे दिवसाला बारा वेळा, रात्रीच्या सहा धरून. 42 वर्षांचा गुणाकार तुम्हीच करा.

मेसेजमध्ये एक गोष्ट मात्र सांगायची राहून गेलीय आणि तीच खरी पालकांनी वाचावी अशी आहे. बाजारात सहा महिन्यांचे, वर्षाचे ‘नर्सिंग’ कोर्स निघालेत, पांढरा ड्रेस देतात, फोटो काढतात, पण महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे त्यावर रजिस्ट्रेशन होत नाही आणि रजिस्ट्रेशन नसेल तर ती मुलगी कायद्याने नर्स नाही. फी भरायच्या आधी कॉलेजला परिषदेची मान्यता आहे का ते बघा, बीएस्सी असेल तर नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाची संलग्नता बघा, आणि कॉलेजचे विद्यार्थी प्रॅक्टिकलला कुठल्या हॉस्पिटलात जातात, तिथे खाटा किती ते जाऊन डोळ्यांनी बघा.

तात्यांची नात यंदा सीईटीला बसलीय, हे त्यांना अजून माहीत नाही. फिजिक्स कच्चं आहे तिचं, दर रविवारी दुपारी माझ्याकडे येते. या शनिवारी मला नाईट आहे, तर बाये, चारनंतर ये, मला जरा झोपूं दी.