पापियसच्या डिनेरियसवरच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार, ल्युशियस पापियस या रोमन टांकसाळ अधिकाऱ्याच्या डिनेरियसवर, म्हणजे चांदीच्या नाण्यावर, मी लिहिलेल्या लेखाला एवढी सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत त्याबद्दल आभार. तुमचं म्हणणं असं की नाण्यावरचं एखादं चिन्ह कॅटलॉगात दिसलं नाही की 'नोंद नसलेला प्रकार' म्हणायचं, हा विक्रेत्यांचा भाव वाढवायचा धंदा आहे आणि इतिहासात त्यानं काडीचाही फरक पडत नाही. पहिलं बऱ्याच अंशी मान्य, दुसरं अजिबात नाही.

इ.स.पू. ९० मधलं पिसो फ्रुगी या दुसऱ्या टांकसाळ अधिकाऱ्याचं डिनेरियस घ्या. रोमचं इटलीतल्या मित्रशहरांशीच युद्ध पेटलेलं, खर्च प्रचंड, टांकसाळीनं धडाधड नाणी पाडली, आणि अक्षरं-आकडे-चिन्हांच्या इतक्या जोड्या झाल्या की यादीबाहेरची एखादी मिळणं नेहमीचंच. तिथे उगाच गवगवा केला तर मलाही राग येतो.

पण मी लिहिलं होतं ते ल्युशियस पापियसच्या नाण्याबद्दल, इ.स.पू. ७९, म्हणजे रोमचा हुकूमशहा राहिलेला सुल्ला वारला त्याच्या आदल्या वर्षीचं. पुढे बकरीचं कातडं डोक्यावर घेतलेली जुनो सोस्पिता देवी, मागे धावणारा ग्रिफिन (गरुडाचं तोंड आणि सिंहाचं अंग असलेला काल्पनिक प्राणी), आणि दोन्हीकडे एकेक बारीक चिन्ह, कुठे भांडं कुठे हत्यार कुठे प्राणी, आणि बहुतेकदा पुढच्या-मागच्या चिन्हाचं एकमेकांशी नातं असतं. मुख्य म्हणजे इथे चिन्हांच्या एका जोडीला पुढचा एकच डाय (नाण्यावर छाप उठवायचा ठसा) आणि मागचाही एकच. म्हणजे नवी जोडी सापडली की टांकसाळीत वापरलेले आणखी दोन डाय हाती लागले! रोमन नाण्यांचे अभ्यासक क्रॉफर्ड यांच्या १९७४ च्या कॅटलॉगात अशा दोनशेच्या वर जोड्या आहेत, त्यानंतरही भर पडतेच आहे. त्या वर्षी रोमनं किती चांदी पाडली याचा अंदाज डायच्या संख्येवरून बांधतात, बाकी बऱ्याच नाण्यांत ती संख्या गणितानं काढावी लागते, इथे ती जवळजवळ मोजता येते. हा फरक तुम्हाला काडीएवढा वाटतो का?

आता खरेपणाचं. कॅटलॉगात नाही एवढ्यावर मी कधीच थांबत नाही. डेशियात, म्हणजे आजच्या रोमेनियाकडे, रोमन डिनेरियसच्या भरपूर नकला झाल्या, शिवाय तांब्यावर चांदीचा मुलामा दिलेली जुनी नाणी आहेत, आणि आजचे लबाड लोक सुईनं चिन्ह कोरून बदलतात ते वेगळंच. म्हणून वजन ३.९ ग्रॅमच्या आसपास आहे का बघायचं, कडेच्या खाचांत तांबं डोकावतंय का बघायचं (या नाण्याच्या कडेला करवतीसारख्या खाचा असतात, त्या छाप मारण्याआधीच छिन्नीनं पाडायचे), चिन्हाभोवतीचा भाग खरवडलाय का तेही. आणि सगळ्यात भक्कम पुरावा म्हणजे त्याच दोन डायमधून पडलेलं दुसरं नाणं, वेगळ्या ठिकाणाहून आलेलं. ते मिळेपर्यंत मी 'बहुधा' हा शब्द सोडत नाही, त्या लेखातही सोडला नव्हता.

बाजारावर रागवायचं असेल तर एका गोष्टीसाठी जरूर रागवा: गुपचूप उकरलेला साठा फोडून एकेक नाणं विकतात, मग ते कुठे आणि कशासोबत पुरलेलं होतं हे कायमचं जातं. तिथे मी पूर्ण तुमच्या बाजूनं आहे. किंमत मी लेखात लिहिली नव्हती, पुढेही लिहिणार नाही, पण तुमच्याकडे किंवा ओळखीत कुणाकडे पापियसचं नाणं असेल तर दोन्ही बाजूंचे आणि कडेचे फोटो वजनासकट पाठवा, जोडी तपासून इथेच उत्तर देतो.